मुळावरची गाठ आतून गुलाबी का असते?

मुळाक्षर

चवळीचे वेल फार दाटले होते, म्हणून विरळणी करायला घेतली. एक रोप मुळासकट अलगद वर आलं. माती झटकली तर मुळांवर गाठी, काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत जिवाणू असतात, ते हवेतला नत्र स्थिर करतात, हे शाळेत घोकलेलं होतंच. एका वाक्यात उत्तर, एक गुण. पण गाठ फोडून बघा असं कोणी सांगितलं नव्हतं. नखाने फोडली तर आत गुलाबी. फिकट वगैरे नाही, चांगली मांसल गुलाबी.

त्या रंगाच्या मागे लागून गेले दोन महिने जे वाचलं ते इथे मांडतोय. मी या विषयातला नाही. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आधी अडचण काय ती बघू. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. झाड त्यात आकंठ बुडालेलं असतं आणि तरी नत्रावाचून पिवळं पडतं. कारण नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे घट्ट धरून असतात की तिसऱ्या कोणाला दाद देत नाहीत. ही मिठी सोडवायला माणसाला कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशेपट दाब लागतो. हाबर यांनी १९०९ मध्ये ते प्रयोगशाळेत जमवलं, बॉश यांच्या देखरेखीखाली १९१३ मध्ये कारखाना सुरू झाला. गाठीतला जिवाणू हेच काम मातीच्या तापमानाला, बिनबोभाट करतो. त्याच्याकडे त्यासाठी नायट्रोजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. त्याच्या गाभ्यात लोह, गंधक आणि मॉलिब्डेनम.

हे विकर कामाचं आहे, पण तऱ्हेवाईक. एक तर भयंकर संथ: सेकंदाला जेमतेम एखाद-दुसरा रेणू हातावेगळा करतं, त्यामुळे जिवाणूला ते ढिगाने बनवून ठेवावं लागतं. दुसरं म्हणजे खर्चिक. नायट्रोजनच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करायला निदान १६ एटीपी लागतात. एटीपी म्हणजे पेशीची रोकड. शिवाय ८ इलेक्ट्रॉन लागतात, त्यातले दोन हायड्रोजन वायू बनवण्यात जातात. आणि तिसरी खोड सगळ्यात वाईट: ऑक्सिजन लागला की हे विकर कायमचं बाद.

खरी गोची इथे आहे. सोळा-सोळा एटीपी उभे करायचे तर जिवाणूने दमदार श्वसन करायला हवं, आणि श्वसनाला ऑक्सिजन हवा. तो आत येऊ दिला तर विकर मरतं, दार लावून घेतलं तर जिवाणू गुदमरतो.

गुलाबी रंग हा या कोड्याचा सुटलेला भाग आहे. तो लेगहिमोग्लोबिनचा रंग, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या प्रथिनाचा. ते झाड स्वतः बनवतं. गाठीची बाहेरची साल मुळातच ऑक्सिजनला बेताने आत सोडते. जो आत येतो त्याला हे प्रथिन लगेच धरतं आणि जिवाणूंपर्यंत नेऊन हातात ठेवतं. मोकळा ऑक्सिजन गाठीत जवळपास फिरकतच नाही, साध्या पाण्यात विरघळलेला असतो त्याच्या हजारोपट कमी असतो. पण पुरवठा मात्र चालू राहतो. घरात पाण्याचा थेंब सांडू न देता तहानलेल्यांना वाटीवाटीने पाणी पाजावं तसं.

१९३९ मध्ये जपानच्या कुबो यांनी गाठीतला हा रंग हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाचा आहे हे ओळखलं. आणि ते किती गरजेचं आहे याचा पक्का पुरावा २००५ मध्ये मिळाला. लोटस नावाच्या एका शेंगवर्गीय रोपात हे प्रथिन बनणंच बंद पाडलं. गाठी झाल्या, जिवाणूही आत गेले. पण गाठी पांढऱ्या राहिल्या आणि नत्र शून्य.

तर तुमच्याकडे एखादं शेंगांचं रोप काढायचं असेल तर एक गाठ फोडून बघा. गुलाबी निघाली तर समजा आत काम चालू आहे.

शंकासुर

छान. माझ्या नावाला जागून दोन शंका.

१. मातीत चिमूटभर जागेत कोट्यवधी जिवाणू. त्यातला हा आपला, तो रोगाचा, हे मुळाला कळतं कसं?
२. गाठ बांधतं कोण? झाड की जिवाणू?

निवांत

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मुळाक्षर

@शंकासुर, दुसरं आधी, कारण ते सोपं आहे. गाठ झाड बांधतं. जिवाणू फक्त नकाशा दाखवतो.

पहिलं लांबलचक आहे. नत्र कमी पडला की मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड जातीची रसायनं सोडतं. लसूणघासाच्या बाबतीत हे रसायन ल्युटिओलिन आहे हे १९८६ मध्ये दाखवलं गेलं. आसपासचे हजारो प्रकारचे जिवाणू त्या वासाकडे दुर्लक्ष करतात. ज्याच्याकडे ओळखणारं प्रथिन आहे तोच जागा होतो आणि उलट निरोप पाठवतो. या निरोपाला नॉड घटक म्हणतात. तो म्हणजे कायटिनच्या चार-पाच कड्यांची साखळी, तिच्या एका टोकाला स्निग्ध आम्लाचं शेपूट, आणि प्रत्येक जातीच्या जिवाणूची बारीकसारीक नक्षी वेगळी. मुळाला तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात ओळखू येतो की एका लिटरमध्ये ग्रॅमच्या काही कोट्यंशाएवढा असला तरी भागतं.

मला यातलं कायटिन फार आवडलं. बुरशीच्या भिंती कायटिनच्या असतात, त्यामुळे कायटिनचा तुकडा म्हणजे झाडासाठी 'चोर आले' अशी हाळी. आणि पाहुण्याची कडीही त्याच धातूची. दोन्ही ओळखणारी ग्राहक प्रथिनंही एकाच कुळातली. वाजवण्याची लय तेवढी वेगळी.

निरोप पटला की मुळावरचा केस आकड्यासारखा वळतो आणि जिवाणूला मिठीत घेतो. मग केसाची भिंत आत दुमडत जाऊन एक बोगदा तयार होतो, त्यातून जिवाणू वाढत-वाढत आत सरकतात. या बोगद्याला संसर्गधागा म्हणतात. (आपल्या धाग्यासारखाच, फक्त त्यात अवांतर चालत नाही.) तोवर आतल्या थरातल्या पेशी विभागू लागलेल्या असतात, म्हणजे पाहुणा पोचायच्या आत खोली बांधायला सुरुवात. शेवटी जिवाणू पेशीत उतरतात, पण उघडे नाही, झाडाच्याच पापुद्र्यात गुंडाळून. एकेका पेशीत असे हजारो.

दोघांचाही फायदा. झाडाला नत्र, जिवाणूला अन्न आणि आसरा.

सूक्ष्मदर्शी

मुळाक्षर, लेख चांगला जमलाय, पण शेवटच्या ओळीला कान धरतो, तुम्हीच सांगितलंय म्हणून.

आधी एक छोटी भर. सगळेच केसातून जात नाहीत. भुईमुगात जिवाणू शिरतात ते बाजूची मुळं फुटताना पडणाऱ्या फटीतून. तिथे आकडा नाही, बोगदाही नाही.

आता मुद्दा. 'दोघांचाही फायदा' हे वाटाणा, हरभरा, मेथी, लसूणघास यांच्या बाबतीत सरळसोट म्हणता येत नाही. या मंडळींच्या गाठीत झाड जिवाणूंवर छोट्या-छोट्या प्रथिनांचा मारा करतं. लसूणघासाच्या एका जवळच्या नातलगात अशा प्रथिनांची सुमारे ७०० जनुकं सापडली आहेत. त्या माऱ्याने जिवाणू फुगतो, लांबतो, त्याच्या डीएनएच्या प्रती आतल्या आत वाढत जातात, आणि त्याची विभागण्याची क्षमता कायमची जाते. नत्र बनवत राहतो, पण वंश संपला. गाठ कुजल्यावर मातीत परत जातात ते हे कामकरी नव्हेत. बोगद्यात मागे राहिलेले, न बदललेले भाऊबंद जातात.

सोयाबीन, घेवडा यांच्यात असं होत नाही. तिथले जिवाणू गाठीतून सुटले की पुन्हा वाढू शकतात.

आळशी माळी

म्हणजे वाटाण्याच्या गाठीत नसबंदी केंद्र चालू आहे तर!

एकदल

आणि याला आपण पुस्तकात 'सहजीवन' म्हणतो. कोंडायचं, वंश बंद करायचा, ऑक्सिजन मोजून द्यायचा आणि राबवून घ्यायचं. याला वेठबिगार म्हणतात. झाडाची बाजू घेऊन लिहिलंय सगळं.

सूक्ष्मदर्शी

एकदल, दुसरी बाजूही ऐका. जिवाणूही काही साधूसंत नाहीत. नत्र बनवणं महागडं आहे हे वर आलंच. मग एखाद्या जिवाणूने आत येऊन नुसतं खाल्लं, काही केलंच नाही तर? त्याची बचत होईल आणि तोच जास्त वाढेल. शंभर पिढ्यांत मातीत सगळे फुकटेच उरायला हवेत. तसं झालेलं नाही, याचा अर्थ कुठेतरी हिशेब ठेवला जातोय.

२००३ मध्ये टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी हे सोयाबीनवर फार सुंदर तपासलं. फुकटा जिवाणू शोधत बसण्यापेक्षा त्यांनी चांगल्याच जिवाणूला फुकटा करून टाकलं. कसं? मुळाच्या एका भागाभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून तिथे आर्गॉन भरला. ऑक्सिजन होता तेवढाच ठेवला. आता जिवाणूची कितीही इच्छा असली तरी स्थिर करायला नायट्रोजनच नाही. परिणाम असा की त्या गाठींत जिवाणूंची वाढ बरीच कमी झाली. शेजारी, साध्या हवेतल्या गाठी मजेत. आणि मोजमापावरून दिसलं की नापास गाठींकडे जाणारा ऑक्सिजन झाडाने आवळला होता.

म्हणजे मुळाक्षर ज्याला वाटीवाटीने पाणी पाजणं म्हणतात, तीच वाटी काढूनही घेता येते.

एकदल

हे वेठबिगारीच्याच बाजूने झालं की.

पाटीपुस्तक

मला 'नापास', 'फुकटा', 'वेठबिगार' या शब्दांचाच त्रास होतोय. झाडाला मन नाही. जी गाठ नत्र देत नाही तिच्याकडे साखरेचा आणि ऑक्सिजनचा ओघ कमी करणारी झाडं जास्त टिकली, एवढंच. भाषा रंगतदार करायच्या नादात आपण झाडाला सावकार करून ठेवतो.

सूक्ष्मदर्शी

मान्य. पण संशोधकही त्याला इंग्रजीत 'निर्बंध' या अर्थाचाच शब्द वापरतात, त्यामुळे मी एकटा दोषी नाही.

पाटीपुस्तक

असो. मी खरं तर इतिहासाबद्दल लिहायला आलो होतो, कारण या गाठींची गोष्ट म्हणजे अतिस्वच्छतेने केलेल्या घोटाळ्याचा उत्तम नमुना आहे.

१८३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये बूसँगो यांनी क्लोव्हर (चाऱ्याचं एक शेंगवर्गीय रोप) आणि वाटाणा वाढवून, तोलून, दाखवलं होतं की या रोपांतला नत्र मातीत आणि बियाण्यात असलेल्या नत्रापेक्षा जास्त भरतो. गहू आणि ओटमध्ये तसं होत नव्हतं. जास्तीचा नत्र हवेतूनच आला असणार. पण लोकांना पटेना, नंतर त्यांची त्यांनाच शंका आली. मग इंग्लंडमध्ये रोथमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये अगदी काटेकोर प्रयोग मांडला. माती भाजून घेतली, काचेच्या हंड्यांखाली रोपं ठेवली, आत जाणारी हवा धुऊन घेतली, कुठूनही अमोनियाचा अंशही शिरू दिला नाही. निष्कर्ष: कुठलंच झाड हवेतला नायट्रोजन घेत नाही.

प्रयोग बिनचूक, निष्कर्ष चूक. माती भाजताना ज्याच्यामुळे हे घडतं तोच मेला होता, आणि तो असतो हे कोणाला माहीत नव्हतं. पुढची जवळजवळ तीस वर्षं प्रश्न तिथेच अडकला. एक अप्रिय सत्य असं की बूसँगोंचा सुरुवातीचा ढिसाळ, उघड्या हवेतला प्रयोग जास्त बरोबर होता.

१८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी कोडं सोडवलं. त्यांना खटकली होती ती अनियमितता. वाळूत वाढवलेलं ओट घातलेल्या नत्राच्या प्रमाणात वाढायचं, अगदी मोजून मापून. वाटाण्याचं मात्र काही खरं नसायचं. नत्र न घातलेल्या कुंड्यांत काही रोपं उपासमारीने मरायची, तर बाजूचीच एखादी तरारून वर यायची आणि तिच्या मुळांवर गाठी असायच्या. दुसऱ्या कोणी त्या कुंड्या 'प्रयोग बिघडला' म्हणून टाकून दिल्या असत्या. यांनी निर्जंतुक वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घालून पाहिलं. वाटाणा वाढला. तेच पाणी उकळून घातलं तर नाही.

दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, बायरिंक यांनी हॉलंडमध्ये गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. १८८९ मध्ये फ्रँक यांनी रायझोबियम हे नाव दिलं. आणि १८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी या जिवाणूंच्या संवर्धकाचं (पिकासाठी वापरायच्या जिवंत जिवाणूंच्या मिश्रणाचं) पेटंट घेतलंसुद्धा! उशीर झाला तो समजायला. विकायला नाही.

निवांत

वरच्या प्रतिसादाचा वेगळा धागा व्हायला हवा.

बांधावरून

सगळं वाचलं. चर्चा छान आहे, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही आणि ती शेती करणाऱ्याला सगळ्यात जास्त लागते. 'कडधान्य घ्या, जमिनीत नत्र वाढतो' हे सरसकट सांगितलं जातं. हिशेब करून बघू.

सोयाबीन धरा. पूर्ण झाडात मिळून नत्राचे १०० भाग आहेत असं समजा. जगभरच्या मोजण्यांत सोयाबीन सरासरी ५० ते ६० टक्के नत्र हवेतून घेतं. आपण ५५ धरू. उरलेले ४५ भाग त्याने जमिनीतूनच उचललेत. आता कापणी. दाणा प्रथिनाने भरलेला, त्यामुळे झाडातल्या नत्रापैकी साधारण ७५ भाग दाण्यात जातात आणि दाणा शेताबाहेर जातो. पाला, काड, मुळं मिळून मागे राहिले २५.

जमिनीने दिले ४५, तिला परत मिळाले २५. वीसचा तोटा. हवेतून आलेला सगळा नत्र पोत्यात भरून गेला, वर जमिनीतलाही थोडा.

म्हणून मी म्हणतो, गाठी झाडासाठी आहेत, जमिनीसाठी नाहीत. झाडाला जमिनीचं भलं करायचं नसतं.

मुळाक्षर

हा हिशेब डोळ्यात अंजन घालणारा आहे. पण मग बेवड, म्हणजे आधीचं पीक निघालेलं रान? कडधान्याच्या बेवडावर पुढचं धान्य चांगलं येतं हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव. तो खोटा कसा म्हणायचा?

आळशी माळी

बेवडावर सगळंच चांगलं येतं, एक काना वाढवला की झालं.

बांधावरून

माळीबुवा, तुमच्याकडून हीच अपेक्षा होती.

मुळाक्षर, अनुभव खोटा नाही, त्याचं कारण वेगळं आहे. समजा त्याच जागी कडधान्याऐवजी एखादं तृणधान्य घेतलं असतं, तर त्याने सगळाच्या सगळा नत्र जमिनीतून ओढला असता. कडधान्याने निम्मा हवेतून भागवला, तेवढा जमिनीतला वाचला. भर पडली नाही, उचल कमी झाली. शिवाय मागे राहिलेला पाला लवकर कुजतो. द्विदलाच्या पाल्यात एक भाग नत्रामागे कार्बनचे १५-२० भाग असतात, गव्हाच्या काडात ८० च्या आसपास. काड कुजवताना मातीतले सूक्ष्मजीव उलट जमिनीतलाच नत्र काही काळ अडकवून ठेवतात. आणि पीक बदललं की आधीच्या पिकाच्या रोगांची साखळी तुटते, याचं श्रेयही लोक नत्राच्या खात्यात टाकतात.

ताग, धैंचा फुलावर आला की गाडतात तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. तिथे शेताबाहेर काहीच जात नाही. हवेतून आलेला भाग पूर्णपणे जमिनीचा.

सूक्ष्मदर्शी

बांधावरून, हिशेबाची दिशा पटते, पण २५ वर एक शेरा. मुळं उपटून मोजली तर बारीक मुळं, गळून गेलेल्या गाठी, मुळांतून झिरपलेला नत्र हे सगळं मातीत राहतं आणि मोजणीत येत नाही. जमिनीखालचा हा वाटा पूर्वी समजत होते त्यापेक्षा बराच मोठा निघतोय. तुमचा वीसचा तोटा काही ठिकाणी शून्याच्या जवळ येईल.

तूरही वेगळी गणावी लागेल. ती उभी असतानाच भरपूर पानं गाळते.

बांधावरून

शून्याजवळ येईल, मान्य. 'जमीन सुपीक झाली' इथपर्यंत नाही येणार.

सूक्ष्मदर्शी

नाही येणार.

शंकासुर

मी परत आलो. शेंगा येणाऱ्या सगळ्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात का? दारातल्या बहाव्याबद्दल विचारतोय. हातभर शेंगा लागतात.

मुळाक्षर

नाही! हे वाचून मीही चकित झालो होतो. बहावा, गुलमोहर, चिंच, कांचन, टाकळा ही सगळी शेंगांचीच मंडळी, पण गाठी येत नाहीत. बाभूळ, शिरीष, करंज, पांगारा यांना येतात. आणि उलट, शेंगांशी काही संबंध नसलेल्या सुरूच्या मुळांवर गाठी असतात, फक्त त्यात रायझोबियमऐवजी फ्रँकिया नावाचा वेगळा जिवाणू असतो.

आणखी एक विक्षिप्त: सेसबेनिया रोस्ट्राटा, धैंच्याचा चुलत भाऊ. याच्या गाठी मुळांबरोबर चक्क खोडावर येतात. पाणथळ जागी मुळांना हवा मिळत नाही, म्हणून असेल.

एकदल

मग माझा, म्हणजे माझ्या नावाच्या वर्गाचा प्रश्न. गहू, भात, मका यांना हे का जमू नये? जनुकं उचलून इकडून तिकडे टाकता येत नाहीत का?

सूक्ष्मदर्शी

अर्धं सामान त्यांच्याकडे आधीच आहे, हीच गंमत. झाडांची मुळं एका जातीच्या बुरशीशी ४० कोटी वर्षांहून जास्त काळ भागीदारी करत आली आहेत. बुरशी स्फुरद आणून देते, झाड साखर देतं. त्या बुरशीचा निरोप ओळखायची जी यंत्रणा आहे तीच शेंगवर्गीयांनी पुढे, काही कोटी वर्षांपूर्वी, जिवाणूंसाठी वापरायला काढली. भातात आणि मक्यात ती जुनी यंत्रणा शाबूत आहे.

पण वर जे-जे आलं ते सगळं मोजा. ओळख, बोगदा, गाठ बांधणं, पापुद्रा, लेगहिमोग्लोबिन, ऑक्सिजनची साल, नत्र बाहेर काढून वर पोचवणं. यात एक जनुक टाकून भागत नाही. २०१८ मध्ये अनेक झाडांचे जनुकसंच ताडून पाहिले तेव्हा तर दिसलं की गाठी करू शकणाऱ्यांच्या नातलगांपैकी बऱ्याच जणांनी ही कला एकेकाळी मिळवून नंतर सोडून दिली असावी. ज्यांना आयती मिळाली होती त्यांनाही ती परवडली नाही.

एकदल

का सोडली?

सूक्ष्मदर्शी

खर्च. एक ग्रॅम नत्रामागे झाडाला साधारण ६ ग्रॅम कार्बन मोजावा लागतो, कमी-जास्त. जमिनीत आयता नत्र असेल तर तो उचलणं स्वस्त. म्हणूनच शेंगवर्गीय रोपंसुद्धा गाठी हात राखून करतात. पहिल्या काही गाठी झाल्या की मुळाकडून शेंड्याकडे निरोप जातो, 'झाल्या', आणि पानांकडून उलट निरोप येतो, 'बस'. ही साखळी तोडलेली सोयाबीनची रोपं आहेत, त्यांच्या मुळांवर गाठींचे नुसते घोस लगडतात आणि रोप खुरटं राहतं. जमिनीत नायट्रेट भरपूर असेल तरीही हाच 'बस'. नव्या गाठी धरत नाहीत, असलेल्या सुस्तावतात.

अवांतर: २०२४ मध्ये एका समुद्री एकपेशीय शैवालात असा नत्र धरणारा जिवाणू सापडला जो आता जिवाणू उरलेलाच नाही, पेशीचा अवयव झालाय. पेशी विभागते तेव्हा तोही विभागतो, लागणारी बरीच प्रथिनं यजमानाकडून घेतो. हे पूर्वीपासून ठाऊक असलेल्या सोबत्याचंच पुढचं रूप. एकदल यांना वेठबिगारीचं पुढचं प्रकरण हवं असेल तर हे घ्या.

बांधावरून

संवर्धक वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण हमखास चूक होते. जिवाणू पिकाप्रमाणे वेगळा लागतो. सोयाबीनचा हरभऱ्याला चालत नाही, हरभऱ्याचा भुईमुगाला नाही. आणि बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, सावलीत, आणि लगेच पेरणी. पाकिटात जिवंत प्राणी आहे हे लोक विसरतात. आम्ल जमिनीत मॉलिब्डेनम कमी पडलं तरी सगळं मुसळ केरात. १९४२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात क्लोव्हरची कुरणं अशीच रडत होती. हेक्टरी अगदी थोडंसं मॉलिब्डेनम घातल्यावर सुधारली.

आळशी माळी

धागा वाचून आज मीही कुंड्यांतली घेवड्याची दोन रोपं उपटली. जाहीर निकाल:

पहिलं रोप जुनं, शेंगा वाळत आलेल्या. गाठी भरपूर, पण फोडल्यावर आतून हिरवट, एक-दोन तपकिरी. दुसरं रोप ऐन भरात, पानं काळीभोर हिरवी, हेवा वाटेल अशी. गाठी म्हणाल तर चार. त्याही पांढऱ्या.

जुनं रोप नापास आणि हे पास असं समजू का? पानं तर याचीच सुंदर आहेत.

मुळाक्षर

उलट आहे माळीबुवा. पहिल्याचं काम करून झालंय. दाणे भरू लागले की झाड गाठींची रसद तोडतं, लेगहिमोग्लोबिन मोडतं आणि त्याचा हिरवा अवशेष उरतो. मार लागल्यावर आपली कातडी आधी काळीनिळी आणि मग हिरवट होते ना, जवळपास तीच रसायनं.

दुसऱ्याच्या चार पांढऱ्या गाठींचं मात्र नवल वाटतं. रोप अगदी कोवळं असतं तर म्हटलं असतं अजून वेळ आहे, पण तुम्ही ऐन भरात म्हणताय. पानं काळीभोर आहेत म्हणजे नत्र मिळतोय, आणि गाठींतून मिळत नाहीये. त्या कुंडीत काय घालता?

आळशी माळी

युरिया. दर रविवारी. चमचाभर.

सूक्ष्मदर्शी

'बस.'